घरगुती कारण



बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग गुडघे, मग नुसताच आळस. आज राग आलाय म्हणून बसले आहे. शाळेत असताना मी मुलांना सांगायचे, की रागाच्या भरात निबंध लिहू नये. आज तो नियम मोडते.

त्याचं झालं असं, की गेल्या रविवारी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक ढकलपत्र आलं. "आमच्या काळी समुपदेशक नव्हते, शेजारच्या काकू होत्या. आमच्या काळी थेरपी नव्हती, चाळीची गॅलरी होती. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ जण राहिलो, पण कोणाला डिप्रेशन आलं नाही." वगैरे वगैरे. खाली गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात. अर्ध्या तासात वीसेक अंगठे वर झाले. मग एका वडीलधाऱ्यांनी पुढची ओळ टाकली, "आता घरातली भांडणं परक्याला तासाचे पैसे देऊन सांगतात!" त्यावर हसरे चेहरे.

हे कोणाला उद्देशून होतं ते ग्रुपवरच्या सगळ्यांना कळलं. त्या संध्याकाळी आमची सूनबाई ग्रुपमधून बाहेर पडली.

सूनबाई म्हणजे माझ्या पुतण्याची बायको. लालबागला आमची चाळ पाडून जो टॉवर झाला, त्यात ती मंडळी एकविसाव्या मजल्यावर राहतात. मुलगा सोळा वर्षांचा. दहावीला चांगले मार्क, अकरावीला चांगलं कॉलेज, आणि दिवाळीनंतर एक दिवस कॉलेजला गेला नाही तो गेलाच नाही. खोलीचं दार बंद. जेवणाचं ताट दाराबाहेर. पुतण्या एक शब्द बोलत नाही, सूनबाई दिवसभर बोलते, आणि मुलगा कोणाचंच ऐकत नाही. तीन महिने असे काढल्यावर सूनबाईने चौकशी केली आणि तिघं मिळून कुटुंब समुपदेशनाला जायला लागली. मुलाला एकट्याला नाही, तिघांना एकत्र बसवतात.

हे सगळं लिहून झाल्यावर मी त्या तिघांना वाचून दाखवलं. पुतण्या म्हणाला, "काकू, नाव नको घालूस. बाकी सगळं राहू दे." म्हणून इथे टाकते आहे.

आधी ढकलपत्रात खरं काय आहे ते सांगते, म्हणजे मी चाळीची वैरीण नाही हे कळेल. मी मूळची गिरगावची, खेतवाडीतली. १९७४ साली लग्न होऊन लालबागला आले. दोन्हीकडे चाळच. घराची किल्ली शेजारी, विरजण शेजारी, मूलही शेजारीच. माझी धाकटी टायफॉइडने आजारी होती तेव्हा तिच्या खाटेजवळ सलग तेरा रात्री आमच्या मजल्यावरच्या बायका आळीपाळीने बसल्या. मला शाळेची नोकरी टिकवता आली ती त्यांच्यामुळे. त्यांतल्या एकीलाही मी कधी 'थँक्यू' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांना राग आला असता.

तर हे सगळं खरं आहे. पण त्याचं कारण 'आपले संस्कार' हे नव्हे. १९२५ साली बर्नेट-हर्स्ट नावाच्या इंग्रज अभ्यासकाने मुंबईच्या कामगारांवर आणि त्यांच्या घरांवर एक पुस्तक लिहिलं. गिरणगावातली बहुतेक कामगार माणसं एकाच खोलीत राहतात, हे त्यात आकड्यांनी मांडलं आहे. खोलीत जागा नव्हती म्हणून माणसं गॅलरीत आली, आणि गॅलरीत आली म्हणून एकमेकांची झाली. गरजेतून आलेली चांगली गोष्ट चांगलीच असते, पण तिला संस्कृतीचा मुकुट घालून दुसऱ्याच्या डोक्यात मारू नये.

आता ढकलपत्रात जे लिहिलेलं नाही ते सांगते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमचे थोरले दीर, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, त्यांत होते. एकोणीस वर्षं साच्यावर काम केलेला माणूस. संपाआधी दादांनी कोणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. गणपतीत डेकोरेशनला सगळ्यांच्या पुढे, भजनात पखवाज तेच वाजवायचे.

पहिले काही महिने उत्साहात गेले. मग भांडी गेली, मग माईंच्या पाटल्या गेल्या. माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दादा गावी कोकणात जाऊन चार महिने राहिले आणि तिथेही भाताच्या चार चुडांवर तीन भावांची तोंडं, म्हणून परत आले. परत आले ते पिऊनच. माई पहाटे चारला उठून पोळ्या लाटून देत होत्या, त्या पैशावर घर चाललं होतं, आणि नेमकं तेच दादांना सहन होत नव्हतं.

आमची खोली त्यांच्या खोलीपासून दोन खोल्या सोडून. मधल्या भिंती कशा असतात ते चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. रात्री आवाज यायला लागले, की मी रेडिओवर 'आपली आवड' लावायचे आणि आवाज वाढवायचे. माझ्या मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. मजल्यावरच्या बहुतेक घरांतून त्या वेळी रेडिओ मोठा व्हायचा. सकाळी नळावर माई भेटायच्या. कोणी काही विचारायचं नाही. त्यांची बादली मात्र आम्ही पुढे सरकवायचो. एवढंच आमचं समुपदेशन.

एकदा प्रकरण फार झालं तेव्हा चाळीतले चार ज्येष्ठ खाली मंडळाच्या खोलीत बसले. दादांना बोलावलं, माईंना बोलावलं. दादांना सांगितलं, "दारू कमी कर." माईंना सांगितलं, "त्याच्या हाताला काम नाही, जरा समजून घे. चार भिंतींतलं बाहेर काढू नये." सगळ्यांनी चहा घेतला. याला 'समेट' म्हणतात.

त्याच पावसाळ्यात माईंचा डावा कान गेला. पुढे तीस वर्षं लग्नामुंजीत आम्ही माईंना कायम पंगतीच्या डाव्या टोकाला बसवायचो, म्हणजे बोलणारा त्यांच्या उजव्या हाताला यायचा. किती काळजी घ्यायचो बघा! पण कान कशाने गेला, हे आमच्या घरात एकानेही कधी विचारलं नाही. आणि तीच आमची चाळ, जिथे म्हणे कोणाला डिप्रेशन आलं नाही. आलं होतं. त्याला 'स्वभाव' म्हणत. दादांचा स्वभाव तापट झाला, माईंचा स्वभाव अबोल झाला.

आणि पुतण्या? तो तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. माझ्याच शाळेत, सातवीत. आधी उशिरा यायला लागला, मग आठवड्यातून दोन दिवस, मग बंद. सकाळी पोळ्यांचे डबे पोचवायचा. सातवीची वर्गशिक्षिका मीच होते. संपाच्या त्या दोन वर्षांत माझ्या हजेरीपटावर असे कितीतरी मुलगे गाळले गेले. नियमाप्रमाणे नाव पटावरून कमी करायचं, दाखला तयार करायचा. दाखल्यावर एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचे कारण'. त्यात मी सगळ्यांसाठी एकच लिहायचे: घरगुती. पुतण्याच्या दाखल्यावरही माझ्या सुवाच्य अक्षरात तेच लिहिलं.

अडीच लाख माणसांची रोजी बुडाली, आणि कारण काय, तर घरगुती!

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं दुःखाचं आहे, पण समुपदेशनाचं फॅड परदेशी आहे हे तर खरं ना? तेही अर्धंच खरं आहे.

कुटुंबाला एकत्र बसवून उपचार करायचा विचार अमेरिकेत १९५० च्या दशकात वाढला. नेथन ॲकरमन, मरे बोवेन ही त्यातली नावं. मुद्दा साधा होता. एका माणसाचं दुखणं त्याच्या एकट्याचं नसतं, घरातल्या वागण्याच्या गाठीत ते अडकलेलं असतं, तेव्हा गाठ सोडवायची तर दोरीची सगळी टोकं समोर हवीत. सासू-सून-नवरा अशा तिढ्यात वाढलेल्या आपल्या लोकांना हे परदेशी का वाटावं, मला कळत नाही. साल्वादोर मिनुचिन यांनी तर न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांबरोबर काम केलं आणि त्यावर १९६७ साली पुस्तक आलं. बाप बेकार, आई दमलेली, मुलगा शाळेबाहेर. वाचताना मला आमचा मजला आठवत होता.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या माणसांचा पाठपुरावा केला. ज्या घरांत सतत टोमणे, राग किंवा गुदमरवणारी काळजी होती, तिथले रुग्ण अधिक प्रमाणात पुन्हा आजारी पडले. पुढे तशीच पाहणी आपल्याकडे चंदीगडला झाली आणि १९८७ साली छापून आली. तिथल्या घरांत लंडनपेक्षा टोमणे आणि राग कमी आढळले. म्हणजे आपली कुटुंबं रुग्णाला सांभाळून घेतात, हेही संशोधनच सांगतं. ढकलपत्रवाल्यांना हे आवडेल. पण त्याच पाहणीत हेही दिसलं, की जिथे ते टोमणे आणि तो राग होता, तिथे आपल्याकडेही रुग्ण पुन्हा आजारी पडले. घर भारतीय आहे म्हणून टोमणा औषध होत नाही.

आणि आपल्याकडे हे अगदीच नवीन आहे असंही नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावलं होतं. आणखी जवळचं सांगू? ज्याला आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतात, ती १९३६ साली सुरू झाली ती देवनारला नव्हे, आपल्या भायखळ्याशेजारी नागपाड्याला, अमेरिकन मराठी मिशनच्या नेबरहूड हाउसमध्ये. दुसऱ्याच वर्षी, १९३७ ला, त्यांनी मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं. त्या प्रकारचं देशातलं ते पहिलं समजतात. लालबागहून ट्रामने जाण्याइतकं अंतर. म्हणजे माझ्या जन्माआधीपासून ही विद्या आमच्या दाराशी होती. शिक्षिका म्हणून मी तीस वर्षं काढली, पण 'घरगुती' लिहिण्याआधी मुलाला अशा कुठल्या ठिकाणी पाठवता येतं, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

इथपर्यंत वाचून जे समुपदेशक खूश झाले असतील, त्यांच्यासाठी पुढचं.

तुमच्या शास्त्राच्याही चुका झाल्या आहेत. एके काळी मोठमोठे मानसतज्ज्ञ मुलाच्या गंभीर मनोविकाराचं खापर आईच्या वागण्यावर फोडत होते. पुढे ते मत टिकलं नाही, पण मधल्या काळात किती आयांनी ते ओझं वाहिलं असेल! दुसरं, जिथे मारहाण आहे तिथे दोघांना शेजारी बसवून 'दोघांचंही थोडं थोडं चुकतं' म्हणणं हा आमच्या चार ज्येष्ठांचाच समेट झाला, फक्त वातानुकूलित खोलीत. मार खाणारी बाई मारणाऱ्यासमोर खरं कसं बोलेल? आधी तिची सुरक्षितता, मग बाकीचं.

तिसरं, आणि मला सगळ्यांत जास्त खुपणारं. तुमच्या फिया, तुमची इंग्रजी, तुमच्या खोल्या! सूनबाई सांगत होती, पहिल्या ठिकाणी गेले तिथे फॉर्मच इंग्रजीत होता आणि पुतण्याने तो सूनबाईकडे सरकवला. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला तुम्ही दारातच पुन्हा शाळेबाहेर काढलंत. त्या दिवशी तो परत येणार नव्हता. दुसऱ्या ठिकाणी मराठीत बोलणाऱ्या बाई भेटल्या म्हणून निभावलं.

आणि चौथं. १९८२ साली दादांना जगातला सर्वोत्तम समुपदेशक मिळाला असता, तरी त्याने पगार दिला नसता. बेकारीने मोडलेल्या घराला नुसतं 'संवाद वाढवा' सांगणं ही क्रूर थट्टा आहे. जयंत पवारांनी 'अधांतर' नाटकात संपानंतरचं एक गिरणगावातलं घर उभं केलं आहे. ते पाहून कोणी म्हणेल का, की या घराला फक्त संवादाची गरज होती?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. चाळीचे भाट आणि केबिनचे तज्ज्ञ हे एकमेकांचे विरोधक दिसतात, पण दोघंही शेवटी एकच करतात. घराचं दुखणं घराच्या आत ढकलून देतात. एक म्हणतो, बाहेर काढू नका. दुसरा म्हणतो, माझ्याकडे या, पण येताना नोकरी, भाडं, भाषा बाहेर ठेवून या. आणि कुटुंब अडकतं दोघांच्या मध्ये.

तिसरी वाट आहे. ती मी शोधून काढलेली नाही, आपल्याच आजूबाजूला लोकांनी चालून दाखवली आहे.

प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या विळख्यात होत्या. त्यांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. यात थेरपी हा शब्द कुठेही नाही. पण बाईच्या हातात स्वतःचा पैसा आला आणि पाठीशी दहा बायका आल्या, की घरातली बोलण्याची पट्टी बदलते. हे कुटुंबाला दिलेलं बळच आहे.

१९८४ साली टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या बरोबर स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजसेविका थेट पोलीस आयुक्तालयात बसायला लागल्या. आदल्याच वर्षी ४९८ अ कलम आलं होतं. पण कलम असून काय उपयोग, ठाण्याची पायरी चढल्यावर "घरगुती मामला आहे, घरी मिटवा" असंच ऐकायला मिळत असेल तर? त्या पायरीवर बाईच्या बाजूचं माणूस बसवलं, हे मोठं काम. पुढे शासनाने तो कक्ष इतर जिल्ह्यांतही नेला. माईंचा कान गेला ते वर्ष १९८३. एका वर्षाने चुकलं म्हणायचं की काय? नाही. आम्हीच नेलं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे.

१९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांकडेही लक्ष दिलं जातं. बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. दारू पिणारा एक असला तरी आजारी घर असतं, हे त्यांनी मराठी माणसाला मराठीत समजावलं.

आणि शेजारी गोव्यात संगाथ संस्थेने तर प्रयोग करून तपासून पाहिलं. डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नसलेल्या, गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा गुण आला, हे २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मग पिणाऱ्या पुरुषांसाठी तशीच पद्धत वापरली, तिचेही चांगले निष्कर्ष २०१७ साली आले. तिकडे फिलाडेल्फियात मिनुचिन आणि त्यांच्या मित्रांनी पन्नास वर्षांपूर्वीच गरीब वस्तीतल्या, पदवी नसलेल्या लोकांना कुटुंब समुपदेशक म्हणून तयार केलं होतं.

म्हणजे 'शेजारच्या काकू' हव्यातच! पण त्या काकूंना चार गोष्टी शिकवलेल्या हव्यात. कधी ऐकायचं, कधी गप्प बसायचं नाही, कुठे न्यायचं, आणि ऐकलेलं नळावर सांगायचं नाही. नुसती काकू पुरत नाही. मी काकूच होते. मी रेडिओ मोठा केला.

हे आत्ताच का बोलायचं, तर लालबाग-परळ पुन्हा एकदा मोडून बांधलं जातंय म्हणून. बीडीडी चाळींच्या १९५ इमारती, वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या साडेपाचशेवर कुटुंबांना पहिल्या किल्ल्या मिळाल्या. मला त्याचा मनापासून आनंद आहे. सार्वजनिक संडासाच्या रांगेत ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना स्वतःचं न्हाणीघर मिळालं, त्यात हळहळण्यासारखं काही नाही. पण गॅलरी गेली. आमच्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर माझा नातू तीन महिने दार लावून बसला होता, आणि समोरच्या फ्लॅटला पत्ता नव्हता. चाळीला सगळं ठाऊक असायचं आणि ती काही करायची नाही. टॉवरला काही ठाऊकच नसतं. सांगा बघू, यात कोणता काळ चांगला?

माझी मागणी फार मोठी नाही. नव्या प्रत्येक इमारतीत जिम असते, सोसायटीचं ऑफिस असतं, फंक्शनचा हॉल असतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यातली एक खोली मोकळी ठेवा. गणपती मंडळं रक्तदान शिबिरं भरवतात, वह्या वाटतात, चांगलंच करतात. त्यांनी वस्तीतल्या दोन बायका आणि दोन पुरुष प्रशिक्षणाला पाठवावेत. पुरुष मुद्दाम म्हणते आहे, कारण दादांसारखा माणूस बाईपुढे तोंड उघडणार नाही. नगरसेवकांना सांगा, महापालिकेच्या शाळेत आणि दवाखान्यात मराठी बोलणारा समुपदेशक पूर्ण वेळ बसवा. आणि शिक्षकांनो, 'घरगुती' लिहिण्याआधी एकदा त्या घरी जा.

ज्यांना आजच गरज आहे त्यांच्यासाठी: सरकारची टेलिमानस ही फुकट हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. केईएमला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही. मधुमेहाचा केसपेपर आपण काखेत मिरवतोच की.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगून थांबते.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत त्या बाईंनी पुतण्याला विचारलं, "तुम्ही लहानपणी अडचणीत असताना कोणाकडे मदत मागितली होती?" तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "कोणाकडे मागणार? काकू शाळेत बाई होती. तिनेच माझं नाव पटावरून कमी केलं." त्याचा मुलगा हे पहिल्यांदा ऐकत होता. बापाची शाळा सुटली होती हेच त्याला माहीत नव्हतं. घरी येताना लिफ्टमध्ये तो बापाला म्हणाला, "मग तू डबे घेऊन कुठे कुठे जायचास?" तीन महिन्यांनी मुलाने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

सूनबाईने हे मला भीत भीत सांगितलं. मला राग येईल असं तिला वाटलं. राग आला नाही. त्रेचाळीस वर्षांनी कोणीतरी तो रकाना नीट भरला, असं वाटलं.

पुढच्या बैठकीला बाईंनी मलाही बोलावलं. गेले. काय बोलायचं ते घरून ठरवून गेले होते, वर्गात शिकवल्यासारखं. तिथे गेल्यावर एवढंच म्हणता आलं, की मला आवाज येत होते. पुतण्या म्हणाला, "माहीत आहे काकू. तुमचा रेडिओ आम्हाला पण ऐकू यायचा."

मुलगा अजून कॉलेजला जात नाही. पण ताट आता आत, सगळ्यांबरोबर असतं. बरं झालं असं मी म्हणत नाही, चाललं आहे एवढंच म्हणते.

तेव्हा ग्रुपवरच्या वडीलधाऱ्यांनो, तुमच्यात निम्मे माझ्यापेक्षा लहान आहात, म्हणून हक्काने सांगते. सूनबाईला पुन्हा ग्रुपमध्ये घ्या, आणि घेताना दोन शब्द नीट बोला. आणि ज्यांनी त्या ढकलपत्रावर अंगठा दाखवला त्यांनी एकदा आठवून बघा, माईंना आपण सगळे पंगतीच्या त्या टोकाला का बसवत होतो.

बरंच लांबलं. डोळे दुखायला लागले. थांबते.